सहावी चिठ्ठी

धंतोलीतल्या हॉटेलचा हॉल, एसी जेमतेम,
बाहेर एप्रिलचे चव्वेचाळीस.
नऊ क्लब, नऊ टेबलं, प्रत्येकावर पाण्याच्या दोन बाटल्या
आणि नावाची पाटी. आमच्या पाटीवर
गड्डीगोदाममधला एक ड खाल्लेला.
शेठ म्हणाले, राहू द्या.

स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या सकाळीच.
आमची सहावी.
सहावी म्हणजे पंगतीत मधेच बसणं,
जिलेबीचं ताट आपल्यापर्यंत येतं
तेव्हा त्यात काय असेल ते वाढप्यालाही ठाऊक नसतं.

माझ्या खिशात कागद.
बायकोच्या किराण्याच्या यादीमागेच लिहिलेला.
पलीकडे: तूरडाळ, कपड्याचा साबण, कूलरचा पंप (जळला).
अलीकडे: डावा बॅक.
गोलकीपर, उंच असला तर बरं.
मधे एक, जो धावत नाही, थांबतो.
मग उरलं तर स्ट्रायकर.

मखिजानी शेठनी कागद पाहिला, चष्मा वर केला.
"सर, लिस्ट उलटी पकडली काय तुम्ही?"

गेल्या मोसमात एकोणीस गोल खाल्ले आम्ही,
तेरा डावीकडून.
झोप येत नाही तेव्हा मी ते मोजतो.
प्रफुल्ल रेल्वेत लागला, इटारसीला गेला,
त्याच्या जागी शेंडेला उभं केलं, उजव्या पायाच्या शेंडेला.
बिचारा प्रत्येक चेंडू आधी उजव्यावर घ्यायचा,
पाहुणा अंधारात दिव्याचं बटण चाचपतो
तसा.
तोवर गोल.

पहिल्या पाच चिठ्ठ्या. पाचही फॉरवर्ड.
टाळ्या, फोटो, खांद्यावर जर्सी.
आणि कामठीचा तौसीफ अजून यादीतच!
बावीस गोल.
कोणीतरी गुडघ्याची अफवा सोडली होती, ती पाच टेबलं फिरली.
मला माहीत होतं, गुडघा चांगला आहे.
शेठलाही माहीत होतं.
ते टेबलाखालून माझा पाय दाबून राह्यले होते.

दोन मिनिटं. भिंतीवर घड्याळ उलटं चाललेलं.

मी स्वतः डावा बॅक. अकरा वर्षं.
माझा एकही फोटो नाही,
फोटोवाले नेहमी दुसऱ्या गोलामागे बसायचे.
पण हे कारण नव्हतं. म्हणजे, नसावं.
मी काटोलच्या स्पर्धेत एक पोरगा पाहिला होता,
देवलापारचा जितलाल उईके,
आणि सगळं मैदान चेंडूकडे बघत असताना
मी फक्त तो कुठे उभा राहतो तेवढंच बघत होतो.
अर्धा तास. एक लिंबू सरबत.
तो बरोबर तिथेच होता,
जिथे अजून काही झालं नव्हतं.

"उईके," मी म्हणालो.
माईकवाल्यानं दोनदा विचारलं.
मागच्या टेबलावर कोणी तरी हसलं, "काहून बे भाऊ, ऊन लागलं का?"
यादीत एकोणसाठावं नाव. ते शोधायलाच वेळ गेला.
टाळ्या वाजल्या, चार-पाच.
शेठनी बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, उघडलं.

सातवी चिठ्ठी मोहननगरची.
तौसीफ.

जिन्यात भेटला तो मला. नवी जर्सी हातात, घडी न मोडलेली.
"सर, मला काहून नाही घेतलं?"
मी म्हणालो, तू चांगला आहेस म्हणून नाही, आमचं
वाक्य कुठेच गेलं नाही पुढे.
तो थांबला, मग सलाम करून उतरला,
एकेका वेळी दोन पायऱ्या.
गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

सीताबर्डीत पंप घेतला, साडेतीनशेला.
घरी टाकीत बसवला, ताट्या भिजल्या, वाळ्याचा वास आला.
बायको म्हणाली, कोणाला घेतलं?
मी सांगितलं. ती म्हणाली, तो कोण?

रात्री सामन्यांचा तक्ता आला.
पहिलाच सामना मोहननगरशी, रविवारी, साडेचारला.
तौसीफ उजवीकडून खेळतो.
उजवीकडून, म्हणजे
आमच्या डावीकडून येईल.