नारिंगी दिवा

काउर ताल्लिनहून आला, कॉफी निवायच्या आत म्हणाला,
"मामा, तुझं वायफाय म्हणजे कडी नसलेलं गोठ्याचं दार."
मग राउटरपुढे मांडी घालून बसला,
जुनी सुरक्षा काढली, नवी घातली, नावसुद्धा बदललं,
वीस अक्षरांचा पासवर्ड विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिला
आणि साडेचारच्या गाडीने गेला.

फोन नवा, त्याला लगेच उमगलं.
लॅपटॉपने दोनदा विचारलं, मग ऐकलं.
प्रिंटर मात्र तेव्हापासून
नारिंगी डोळा मिटतो, उघडतो, मिटतो.

शनिवारी तार्तूच्या बाजारात माझं टेबल.
लिंडनचा मध, अठ्ठेचाळीस बरण्या,
एकीच्याही अंगावर नाव नाही.

बटण तीन सेकंद दाबा, म्हणतं माहितीपत्रक.
दाबलं.
एक कागद कुरकुरत बाहेर आला:
वायफाय चालू. नेटवर्क सापडलं नाही.
आणि खाली त्याचा स्वतःचा पत्ता, बारा आकडे-अक्षरं,
जत्रेत हरवलेल्या पोराच्या खिशातल्या चिठ्ठीसारखा.

पासवर्ड घालायला एक बाण वर, एक बाण खाली.
छोट्या ए पासून निघायचं,
मोठ्या डब्ल्यूपर्यंत अठ्ठेचाळीस वेळा दाबायचं,
दर बरणीमागे एकदा म्हणा.
सतराव्या अक्षरावर अंगठा घसरला, सगळं पुसलं.
शिव्या दिल्या, त्याही हळू; भिंती लाकडी आहेत.
परत घातलं. वीसच्या वीस.
नाही.
लॅपटॉपवरून छापायचा हुकूम सोडला. पुन्हा सोडला.
रागाने एकंदर पाच वेळा सोडला.

संध्याकाळी कुठे डोक्यात प्रकाश पडला:
किल्ली बरोबर होती.
कुलूपच असं होतं, की ते घडलं तेव्हा
हा बिचारा माझ्या घरात म्हातारा होत आला होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची लेलो
खारवलेल्या अळिंब्यांची बरणी घेऊन दारात.
इकडचं तिकडचं बोलली. मग खिडकीकडे बघत म्हणाली,
"व्हेल्लो, तीन दिवस झाले,
माझ्याकडे हवामान सोमवारचंच आहे."
आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली.

जुना पासवर्ड होता 'मेसिलाने'.
आमच्या भाषेत मधमाशी.
अंगणात सात पेट्या मांडलेल्या माणसाचा पासवर्ड
ओळखायला काय लागतं?
चार वर्षं. आणि मी आपला दर महिन्याला कंपनीला फोन करून
वेग कमी का, विचारत होतो.

पोळ्याच्या तोंडाशी पहारेकरणी असतात.
परकी माशी रिकामी आली तर हुसकून लावतात.
भरल्या पोटाने, वाट चुकून आली
तर हुंगतात, थोडं थांबतात,
बाजूला होतात.
हे काउरला सांगायचं राहूनच गेलं.

अळिंब्या छान होत्या, बडीशेप जरा जास्त.

रात्री राउटरमध्ये 'पाहुणे' असा एक कोपरा सापडला.
त्याला जुनं नाव दिलं, जुनं कुलूप,
तीच आठ अक्षरं.
लॅपटॉपही तिकडेच नेऊन बसवला.
कपाटावरचा प्रिंटर खाकरला.
बाण नाही, बटण नाही, काही विचारलं नाही,
डोळा निळा झाला आणि तसाच राहिला.

मग थांबेचना.
पाचही हुकूम एकामागून एक निघाले,
दोनशे चाळीस लेबलं, लिंडन, लिंडन, लिंडन,
आणि चौथ्या खेपेनंतर मधेच एक पान, माझं नसलेलं:
लोकरीच्या हातमोज्यांचा नमुना, पान दोन, अंगठा.

पान एक मला जानेवारीत ट्रेमध्ये मिळालं होतं.
काउरचं काहीतरी असेल म्हणून
त्यावर शेगडी पेटवली होती.

वरून रेडिओचा आवाज यायला लागला,
उद्या दुपारनंतर ऊन.
मी जिना चढलो, पान दोन तिच्या दाराखालून सरकवलं,
आणि पान एकचं काय सांगायचं
ते उतरताना ठरेना.