पंचवीस झाल्या की

कन्ना चौकात, चादरीच्या दुकानावर
रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना काळा स्पंज.
पोरगा म्हणाला, आजी, चपला बाहेर,
आणि बांगड्या काढा, माइकात वाजतात.
बांगड्या एकदाच उतरवल्या होत्या,
राजेशम गेला तेव्हा. सहा महिन्यांनी
मीच पुन्हा भरल्या. कारखान्यात कुणी बोललं नाही.

गाणी असतील चाळीस-बेचाळीस.
काही विड्यांच्या लेबलामागे लिहिलेली,
बाकीची कुठंच नाहीत.
मांडीवर सूप, पान, तंबाखू, कात्री;
हात गुंतलेले, तोंड मोकळं.
मोजणी तेलुगूत, गाणं मराठीत,
दोघी सवती एका चुलीवर.

कानात टिकटिक लावून दिली त्यानं.
गायले. पोरगा काचेआडून हात हलवायला लागला.
"चार ओळी झाल्या की गप्प का होता, आजी?"

मला कुठं ठाऊक!
खाली बघितलं, तर बोटं
नसलेला दोरा गुंडाळत होती.
पंचवीस झाल्या की कट्टा बांधायचा, बाबा,
तेवढं गाणं थांबतं.

"कापू का मधलं?"
काप म्हटलं. त्यानं कापून ऐकवलं.
कुणीतरी बाई धापा टाकत चाललेली,
अंधार पडायच्या आत हजार पुऱ्या करायच्या असल्यागत.
माझ्या ओळखीची नव्हती ती.

घाल परत, म्हटलं. होतं तिथंच.

भाडं तासाला सहाशे,
म्हणजे तीन दिवसांच्या विड्या.
गप्प बसल्याचेही धरले त्यानं.
दिले.