पान दोनशे अकरा

सकाळी सहाला भडंग.
आईनं गारगोटीच्या एसटीत ठेवून दिलेला डबा,
कंडक्टरच्या ओळखीनं आलेला,
झाकणाच्या चिठ्ठीवर माझं नाव नाही,
नुसतं 'पीएचडी, होस्टेल'.

लसूण आधी वेचून खाल्ला. मग शेंगदाणे.
चुरमुरे राहिले संदर्भसूचीच्या वाट्याला:
एका नोंदीला एक मूठ,
स्वल्पविराम चुकला तर दोन.

संशोधनात 'मी' नसतो, म्हणायच्या मुळीक मॅडम.
'मला वाटले' खोडून 'असे आढळून आले',
'मी विचारले' खोडून 'विचारणा करण्यात आली'.
सहा वर्षं मी अशी आढळून येत राहिले.
म्हणून आजची नोंदही त्याच रीतीनं:
नऊ वाजता दोन कटवडे खाण्यात आले.
जादा कटाची मागणी करण्यात आली.
ती मान्य झाली.
नाक पुसण्यात आलं.

विषय काय, तर
कागल, भुदरगड, आजऱ्याकडच्या बाया
'मी आलो', 'मी जातो', 'मी निजलो' का म्हणतात.
एकशे चौदा बाया.
एकीनंही कोरड्या तोंडानं उठू दिलं नाही.
कापशीच्या तानूबाई रेकॉर्डर बघून म्हणाल्या,
'तू इचार की गं, तवर मी शेंगा भाजतो.'
त्या फितीत उत्तरं थोडी,
टरफलं फुटल्याचे आवाजच फार.
लिहून काढताना मी ते सगळे कंसात घातले होते,
(शेंग फुटते) (शेंग फुटते) (हसू)
मॅडमनी कंस काढायला लावले.

राजारामपुरीत बायंडिंगवाला म्हणाला,
सोनेरी अक्षरं वाळायला तास लागंल,
कायतरी खाऊन या जावा.
मग भेळ.
कागदावर जुन्या पुरवणीतलं राशिभविष्य,
माझी रास नेमकी चटणीखाली.
मग सोलकढी, मग उगीच अर्धा चहा,
मग समोरच्या बेकरीत नानकटाई,
भूक नव्हती.
हाताला काम हवं होतं,
टाइप करायला काही उरलं नव्हतं.

मॅडमनी काळी प्रत उघडली,
सहीच्या पानाआधी सवयीनं मधलं पान.
दोनशे अकरा.
समासात हळदीचा अंगठा,
तेलकट, रेघा मोजाव्यात इतका स्पष्ट,
पलीकडच्या तक्त्यात उतरलेला.
'हे कोण?'
'मी.'
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
पेनाचं टोपण उघडलं, पण खोडलं काही नाही.
पहिल्या पानावर सही केली
आणि ड्रॉवरमधून राजगिऱ्याची वडी काढून
अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली.
सहा वर्षांत मला माहीतच नव्हतं
त्या ड्रॉवरात वड्या असतात.

खिडकीवरच्या क्लार्कनं बोट ओलं करून
प्रती मोजल्या, चार अधिक एक.
'सीडी?' दिली.
'पावती घ्या.' घेतली.
बस्स, एवढंच.
मागं उभा असलेला मुलगा चिक्की खात होता.

संध्याकाळी आईचा फोन.
'झालं?'
'झालं.'
'जेवलीस?'
ताट असं दिवसभरात समोर आलेलंच नव्हतं.
'जेवलो,' म्हटलं मी.
ती हसली, माझ्याच लक्षात उशिरा आलं.
'आणि डबा मोकळा लावू नको माघारी.'

तळाचं तिखटमीठ बोटानं चाटून
डबा धुतला, वाळवला.
पाव किलो बालूशाही,
वर पावतीची झेरॉक्स, चौघडी करून.
तूप लागेल कागदाला.
लागू दे.
गारगोटीची शेवटची गाडी
सीबीएसला अजून लागायची होती.