कुठला महिना चांगला

फोन येतो. हुबळीहून, कोल्हापूरहून, कधी पणजीहून.
व्हवरी बगायला कुठला महिना चांगला?
कन्नडात विचारलं तर कन्नडात सांगतो, मराठीत तर मराठीत.
उत्तर एकच. डिसेंबर.
रस्ता कोरडा असतो, जांबोटीच्या पुढची वळणं दिसतात,
शेवटची बस चुकली तरी भरमाणीची टमटम असते.

जून ते सप्टेंबर गेटला कुलूप.
पहिल्या दालनात गुडघाभर पाणी, दुसऱ्यातलं विचारू नका,
आणि छताला वटवाघळांची पिल्लं,
अंगठ्याएवढी, आईला चिकटलेली.
एका वर्षी बैलहोंगलचे एक मास्तर भर भाद्रपदात आले.
कुलूप हलवून बघितलं. पायरीवर बसले,
डब्यातली शेंगा-होळगी काढली, एक मला दिली,
गजांतून येणारा वास घेत बराच वेळ खात राहिले.
झालं बघून, म्हणाले, आणि निघाले.
मी तिकीट फाडलं नाही.
अजून वाटतं, फाडायला हवं होतं.

ऑक्टोबरात पायऱ्यांना शेवाळ.
आठवडाभर काथ्यानं घासतो, तरी कुणीतरी घसरतंच,
म्हणून तेव्हा या असं सांगत नाही.
पण खांब तेव्हाच सगळ्यात ओले असतात,
बॅटरी मारली की दगडाच्या आत
साय धरायच्या आधीचं दूध हलल्यासारखं होतं.

मे महिन्यात पोरं विचारतात, आत एसी बसवलाय काय?
जानेवारीत त्यांचेच आईबाप विचारतात, शेकोटी हाय काय?
वन खात्यानं भिंतीला पारा टांगलाय.
मेमध्ये बावीस. जानेवारीत बावीस.
गुहा कुठं जात नाही, येत नाही.
माणूस आपलं हवामान अंगावर घेऊन येतो
आणि तिच्या नावावर मांडतो.

हे कळायला मला चार वर्षं लागली.
नीलव्वाला पहिल्या वर्षीच कळलं होतं.
नीलव्वा माझी बायको, माहेर कित्तूरकडचं,
मराठीत भांडते, हिशेब मात्र अजून कन्नडात.
गेटाशेजारी तिची चूल, चहा आणि मिरचीभजी.
थंडीत चुलीचा धूर वाकतो, गजांतून आत शिरतो
चप्पल न काढता आलेल्या पाहुण्यासारखा.
उन्हाळ्यात गुहा तोच धूर फुंकून परत लावते,
थेट तिच्या डोळ्यांत.
ती पदरानं डोळे पुसते, म्हणते,
हिचा श्वास वरसाला एक.
दिवाळी सरली की घेती, शिमगा सरला की सोडती.

मधे दोन दिवस असतात. एखाद्या साली तीन.
फाल्गुनात कुठंतरी; कॅलेंडरावर खूण नाही,
खात्याच्या कागदात नाही.
धूर सरळ वर जातो, काठी उभी केल्यासारखा.
गेटावरचं कोळिष्टक हलत नाही.
नीलव्वा हाक मारते, अवो, निंतैतरी.
थांबलंय.
ती लाकडं मागं ओढते, कढई उतरवते.
मी जेवणाच्या सुट्टीची पाटी उलटी करतो,
बल्बांची कळ खाली पाडतो.

फार आत जात नाही. तिचे गुडघे दुखतात.
पहिल्या दालनात कट्टा आहे, तिथवर हात धरून.
बसल्यावर हात सोडते.
काही दिसत नाही, स्वतःचं नाकसुद्धा नाही.
एक थेंब पडतो.
दुसरा पडेस्तोवर खानापूरच्या बाजारातला
कांद्याचा दर सांगून होतो तिचा.
तिसऱ्याआधी कुणाची तरी सून.
मग तिलाही काही आठवत नाही.
चौथा पडतो की नाही, ते मी कधी मोजलं नाही.

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत असतं.
खिडकीतला फोन वाजून वाजून गरम झालेला.
हां, बोला साहेब. डिसेंबर.
रबरी तळव्याचे बूट घाला,
पाचला शेवटचं तिकीट, सोमवारी बंद.
नाही, फाल्गुनात काही विशेष नसतं.