दोन मोलर

बाटलीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय : दोन मोलर.
खोटं आहे ते.
दिवाळीनंतर ग्रँट आली नाही,
बारावीच्या तीन तुकड्या दारात,
आणि मी पाणी वाढवत गेलो,
पाहुणे वाढले की आमटीत वाढवतात तसं.
कुणाला कळणार होतं?

पंचवटीतल्या या शाळेत सत्तावीस वर्षं
मॅग्नेशियमची फीत कापतोय मी.
दोन-दोन सेंटिमीटर.
काळपट साल पॉलिश पेपरनं घासायची,
चकाकली की कागदाच्या पुडीत.
मुलं ती आम्लात टाकतात, स्टॉपवॉच दाबतात
आणि खिडकीबाहेर बघतात.
आकडे दादाच्या, ताईच्या जर्नलात असतातच.
अठरा सेकंद. अठरा. अठरा.
अख्ख्या वर्गाची फीत एकाच क्षणी विरघळते,
दर शुक्रवारी.

मला कुणी शिकवलं नाही. झाडू हातात धरून
ऐकत ऐकत आलं.
सर सांगतात, कण आदळतात धातूवर,
आम्ल दाट तर धडका जास्त,
धडका जास्त तर फीत लवकर संपते.
मला तिवंध्याची रहाड दिसते.
रंगपंचमीची दुपार, हौदात माणसावर माणूस,
धप्पा मारावा तर कुणाच्या तरी खांद्यावरच.
संध्याकाळी चारपाच जण उरतात,
तेवढ्याच पाण्यात हात पसरून फिरतात,
कुणाला कुणी लागत नाही.
रहाड तीच असते.

आमचे अण्णा तांबट लेनमध्ये
हंडे चिंचेनं घासायचे.
चिंचेला घाई नसते, म्हणायचे,
आणि विडी पेटवायचे.
धाकटा भाऊ अंबडला, प्लेटिंगच्या कारखान्यात.
त्याची टाकी नवी भरली की वीस आकडे मोजायचे,
एकविसावा उच्चारलात तर गंजाबरोबर मालही गेला.
तीच टाकी आठवड्यानं शंभर मोजायला लावते.
हे त्याला पगार देऊन शिकवलंय.
हे मलाही माहीत होतं,
पाणी ओतताना.

गेल्या शुक्रवारी सुरभी गायधनीनं लिहिलं : त्रेचाळीस.
सरांनी लाल रेघ मारली.
"काका, अजून एक फीत द्या ना."
दिली.
चव्वेचाळीस.
अजून एक.
घंटा झाली, बाकी सगळी वडापावकडे पळाली,
ती टेबलाशी गुडघ्यावर बसली,
डोळे चंचुपात्राच्या उंचीला.
फीत कड बदलत होती
झोप न येणाऱ्या माणसासारखी,
बुडबुडे एकेक, अंतर ठेवून.
त्रेचाळीस.

ती सरांकडे गेली नाही.
माझ्याकडे आली.
"काका, फीत बरोबर आहे.
घड्याळ माझ्या मोबाइलशी जुळवलं, तेही बरोबर आहे.
मग राहिलं काय?"

आमच्या दोघांच्या मध्ये बाटली होती.
मी फळा पुसायला गेलो.
फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

आज सकाळी शिपाई यायच्या आत
मागचं कपाट उघडलं.
शेवटची सीलबंद बाटली,
झाकण सैल करताच पांढरा धूर
नाकात, डोळ्यात.
आधी पाणी. मग आम्ल,
काचेच्या कांडीवरून, धारेला धार न लागू देता,
भांडं हाताला कोमट होईपर्यंत थांबत थांबत.
जुनं लेबल निघेना,
त्याच्यावरच नवं चिकटवलं.

मग सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा
स्टॉपवॉच मी दाबलं.
फीत पाण्यावर अशी तडतडली,
जणू तिला कुणी हाक मारली होती.
सतरा.
विश्वास बसेना, दुसरी टाकली.
एकोणीस.
तिसरी, सतरा आणि वर थोडं.

अठरा एकदाही आले नाहीत.

दहा वाजता सुरभीची तुकडी येईल.
नव्या बाटलीचं मी कुणालाही बोललेलो नाही.
तिचं जर्नल माझ्या टेबलावर आहे,
लाल रेघेचं पान उघडं,
आणि माझ्या खिशात पेन.