गणंग

कोशासाठी 'फुटणे'चे चौदा अर्थ लिहून झाले होते:
घाम, पेपर, तांबडं, पालवी,
वळणावर वाट, दोन भावांत घर.
पंधरावा सापडेना,
म्हणून नागपंचमीच्या आदल्या दिवशी
उत्तरेश्वर पेठेत सोनाक्काच्या भट्टीवर
दोन शेर जोंधळा घेऊन गेलो.

"लाही फुटते ना?"
"फुटतंय ते मडकं," तापली वाळू ढवळत ती म्हणाली,
"काच तडकती, भुई उलती.
लाही फुलती.
आवाज तेवढा फुटल्यावानी येतोय."

दुधाच्या बिलामागं लिहून घेतलं.
तोवर जोंधळा तडतडून
माझ्या बाहीवर, तिच्या केसांत पांढरा.

तिनं चाळणी हलवली.
तळाशी काळे, करपलेले, मिटलेले दाणे.
"आणि हे?"
"गणंग. धग सगळी खाल्ली, पर फुललं न्हाईत."

गल्ली सांगते, माघात थोरला गेला
तेव्हा सोनाक्काला रडू
(हाही अर्थ लिहिलाय, सातव्या कार्डावर)
फुटलं नाही.

"हे इकत न्हाई मी. खातो."
एक दाढेखाली धरला. कडकन्.
"दात फुटेल, अक्का."
"फुटतोय तो लेकराला," ती म्हणाली,
"म्हातारीचा पडतोय.
चाळीस रुपये झालं बघ."