सोसायटीचा मासा

'सावरबोडी मच्छीमार सहकारी संस्था, मर्यादित.'
या ओळीतलं 'मर्यादित' मी बावीस वर्षं
जरा लांबवत आलोय,
शेवटच्या त-ची शेपटी थेट तारखेपर्यंत.
कारकुनाला चैन ती काय, एवढीच.

सभासद एकशे सव्वीस. त्यात मी नाही.
मला जाळं फेकता येत नाही, डोंग्यात बसलो की पोटात कालवतं,
आणि उपविधीत स्वच्छ लिहिलंय
(अक्षर माझंच)
की जो मासे मारतो तो सभासद.

तरी ठेक्याचे पैसे भरायची मुदत जवळ आली
की जागा मी असतो. ते घोरतात.
"पाहते न गा सोसायटी," म्हणतात.
"सोसायटीनं बीजच खराब आनलं," म्हणतात,
जशी सोसायटी म्हणजे तालुक्याहून येणारी
कोणी चष्मेवाली जाडी बाई.
आणि ज्या साली रोहू दीड दीड किलोचा निघतो
त्या साली "आमची सोसायटी".
तलाव भरला की आमची,
बेशरमाची झुडपं उघडी पडली की तिची.

मी मात्र बारमाही 'आम्ही' लिहितो.
आमचे निदर्शनास आले की.
आम्ही विनंती करतो की.
एकदा घरी जेवताना म्हणून गेलो,
आमच्याकडे यंदा बीज कमी पडलं.
बायको भाकर परतत म्हणाली,
"तुमच्याकडं? त्यात तुमचा एक खवला तरी आहे का?"

यंदा जिल्ह्याहून पत्र आलं:
प्रत्येक संस्थेला ओळख हवी.
ओळख टेम्पोत घालून आलीसुद्धा,
चार फूट बाय तीन, पत्र्याची,
निळ्या गोलात उसळी मारणारा मासा,
वर नाव, खाली 'एकजूट हीच ओळख'.
सोबत चाळीस टोप्या.

आमसभेत मी तो फलक भिंतीला टेकवला.
अध्यक्ष रुषी वलथरे यांनी नारळ फोडला.
टाळ्या संपता संपता
दाराच्या चौकटीतून मैना दिघोरे म्हणाली,
"हा मासा कोन्या तऱ्यातला?"

मैना सभासद नाही. तिचा नवरा होता.
बाजारात टोपलं तिचं, काटा तिचा,
उधारी तिच्या तोंडपाठ.

"चिन्ह हाये थे, काकू," कोणीतरी हसलं.
"चिन्ह असन. पन आपला नोहे हा.
शेपटी पाय न त्याची. समुद्रातला दिसते.
आपल्यात असा कोन उडते?
आपला मरळ गाळात बसते.
पानी आटते, बगळे येते, तरी बसते."

मग जे कधी सभेत जांभईपलीकडे तोंड उघडत नाहीत
ते उठून फलकापाशी आले.
शेपटीवर बोट, परावर बोट.
डाडक आहे, नाही रे, कटवा,
अरे कटव्याला असा गळा असते का?
टोप्यांचा गठ्ठा कोणाच्या तरी बुडाखाली गेला.
तासभर कोणी 'सोसायटी' हा शब्द उच्चारला नाही.
सगळे 'आपला', 'आपला' म्हणत होते.

ठराव क्रमांक सात:
फलकावरील मासा संस्थेचा नाही, असे सर्वानुमते ठरले.
सूचक:
इथे पेन थांबला.
सूचक सभासदच लागतो, हे मला कोणी शिकवायला नको.
लिहिलं, मैना दिघोरे.
लेखापरीक्षक लाल शाईत विचारेल, ही कोण?
विचारू दे. पुढे हेही विचारेल, लिहिणारा कोण?

फलक अजून कार्यालयातच आहे,
भिंतीकडे तोंड करून.
त्याच्या कोऱ्या पाठीवर एका दुपारी
मी खडूनं मरळ काढला,
कोणी नसताना, दार लोटून.

मैना पावती फाडायला आली. पाहत राहिली.
"मरळाले अशा मिशा नसतेत, बाबू."

नसतात. मला माहीत होतं.
खडू फिरता फिरता आल्या कुठून तरी.
पुसायला फडकं घेतलं,
तर म्हणाली, "राहू द्या."